दोन राइडांमधली चटई

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. प्लास्टिकची, लाल-पांढऱ्या चौकटींची, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. माझ्यावर चार माणसं सुखाने मावतात, आणि प्रेमाची असली तर सहासुद्धा.

फुमिएआजींच्या नवऱ्याने मला विकत आणलं ते चेरीचा बहर पाहायला. बहराच्या दिवशी तो उजाडायच्या आत बागेत जाई, चांगलं झाड हेरून मला अंथरी आणि जागा राखायच्या नावाखाली माझ्यावर खुशाल घोरत पडे. दुपारी बाकीची मंडळी डबे घेऊन येत. त्यांचा मुलगा शुइची शाळेत गेला, तेव्हा खेळांच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला असे. धावण्यात शेवटून पहिला आलेला शुइची माझ्यावर लोळण घेऊन रडला होता. ते अश्रू मी कुणाला सांगितले नाहीत, आज तुम्हालाच सांगते.

आमच्याकडे जपानात माझ्यावर बसण्याआधी बूट काढतात. ओळीने मांडून ठेवतात. आणि बूट काढलेला माणूस लगेच उठत नाही, हे माझं आयुष्यभराचं निरीक्षण आहे.

पुढे आजोबा गेले, शुइची मोठा झाला आणि मी कपाटात रजयांच्या खाली गेले. किती वर्षं ते विचारू नका. घडीवर घडी पडून माझा चेहरा पार चुरगळला होता. एका सकाळी कपाटाचं दार सरकलं आणि आजींचा हात आत आला. मला झटकून त्या नातीला म्हणाल्या, "चिनात्सु, हिला घेऊन जाऊ या. उगाच बाकड्यांच्या शोधात कोण फिरणार?"

त्या दिवशी आजी, शुइची आणि त्याची ही लेक अशी तिघं समुद्राजवळच्या मोठ्या करमणूक बागेत चालली होती. चिनात्सुची उंची यंदा ड्रॅगनच्या पट्टीला पोचली होती. ड्रॅगन म्हणजे तिथली सर्वांत उंच, सर्वांत आरडाओरड्याची राइड. शुइचीला उंचीची एवढी भीती, की शिडीवर चढून दिवासुद्धा बायकोच बदलते. तेव्हा आजींनीच नातीला शब्द दिला होता, "तुझ्याशेजारी मी बसेन." वर्षभर चिनात्सु भिंतीला पाठ लावून उंची मोजत होती ती त्या शब्दासाठी.

त्या बागेत मोबाइलवर राइडचं आरक्षण करता येतं. दिलेल्या वेळेत पोचलात तर रांगेवाचून आत, उशीर झाला तर संधी गेली. शुइचीने दारातच फोन काढला आणि एकाला एक लागून आरक्षणं ठोकली. पूर्वेच्या टोकाला होड्या, लगेच पश्चिमेच्या टोकाला भुताचं घर, लगेच परत पूर्वेला ड्रॅगन. फोनवरचा नकाशा तळहाताएवढा. त्यात सगळंच शेजारीशेजारी दिसतं.

"एक मिनिट वाया जाणार नाही, आई!" तो ऐटीत म्हणाला.

"अरे, आपण बागेत आलोय की आग विझवायला?" आजी म्हणाल्या, पण निघाल्या.

मी आजींच्या पाठीवरच्या पिशवीत होते. होड्यांनंतर त्यांची चाल बदलली हे मला लगेच कळलं. भुताच्या घरानंतर तर उजवा गुडघा प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. शुइची पुढून ओरडे, "आई, जमतंय ना?" आणि आजी म्हणत, "मला काय धाड भरलीय?" इथल्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याला त्रास देण्यापेक्षा स्वतः दुखणं सोसणं सोपं वाटतं. मला तोंड असतं तर मी पिशवीतून ओरडले असते, की लेका, तू तुझ्या पायांनी हिशोब केलास, तिच्या नाही!

ड्रॅगनच्या दाराशी पोचेपर्यंत वेळ टळली होती. तिथल्या मुलीने कमरेत वाकून माफी मागितली, पुन्हा वाकली, पण आत काही सोडलं नाही. चिनात्सु रडली नाही. "असू दे, बाबा," एवढंच म्हणाली आणि उंचीच्या पट्टीकडे पाहत राहिली. मला फार वाईट वाटलं.

शुइचीने घाईघाईने फोन चाळला. ड्रॅगनची एकच वेळ उरली होती, पार संध्याकाळची. तोवर मध्ये अजून दोन आरक्षणं घेतलेली होती. तो म्हणाला, "आता पटकन डोंगरगाडी करू, मग..." आणि थांबला. आजी खांबाला धरून एका पायावर उभ्या होत्या.

त्याने मुकाट्याने दोन्ही आरक्षणं रद्द केली आणि संध्याकाळचा ड्रॅगन घेतला.

"एवढा वेळ करायचं काय?" चिनात्सुने विचारलं.

आजींनी पिशवी उघडली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी उन्हात उलगडले! एका झाडाखाली गवतावर मला पसरलं आणि बुटांचे तीन जोड ओळीने लागले. आजींनी समुद्री शैवालात गुंडाळलेले भाताचे गोळे काढले, अंड्याची गोड गुंडाळी काढली, थर्मासातला सातूचा गार चहा ओतला. समोरून वाजतगाजत मिरवणूक गेली. एका ढोलवाल्याने चिनात्सुला वाकून नमस्कार केला, तर तिने तोंडात भात असतानाच उलट नमस्कार केला.

"तुझा बाप याच चटईवर रडला होता, शर्यत हरून," आजी म्हणाल्या.

"आई! पोरीसमोर काय हे?"

"खरंच, बाबा? लोळून?"

"लोळून," आजींनी साक्ष दिली. माझं गुपित फुटलं, पण हसण्याने मी अख्खी हलत होते. थोड्या वेळाने शुइची बापासारखाच घोरू लागला. आजींचा दुखरा पाय पिशवीवर टेकून मजेत पसरला होता.

संध्याकाळी आजी ताठ चालत ड्रॅगनवर गेल्या. त्यांना वरून दिसावं म्हणून शुइची मला दोन्ही हातांनी उंच धरून उभा राहिला. खरं सांगू? मला धरलं होतं ते तोंडासमोर, वर बघायला लागू नये म्हणून! गाडी शिखरावर पोचली आणि आभाळातून किंकाळी आली, "आजी, ती बघ आपली चटई!" जन्मभर माणसांच्या खाली राहिलेली मी, त्या क्षणी वाऱ्यावर निशाणासारखी फडफडत होते. माझ्याएवढं सुखी त्या बागेत कुणी नव्हतं.

आजी खाली आल्या त्या केस उभे राहिलेल्या आणि गाल लाल झालेल्या. "पुन्हा जाऊ!" त्या म्हणाल्या.

"बाबा, आता पुढचं काय? पुढचं काय?" चिनात्सु नाचत होती.

शुइचीचा हात सवयीने फोनकडे गेला. मग त्याने आईच्या पायांकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि मला गवतावर अंथरलं.

मित्रांनो, घरी तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण असेल. तिला ओली घडी घालू नका, वास येतो. आणि मजेचा दिवस आखाल, तेव्हा दोन मजांच्या मध्ये आमच्याएवढी जागा मोकळी ठेवा.

"आई," शुइची म्हणाला, "आधी बूट काढ."