झोपायची नोकरी

पाणीपुरवठा कार्यालयातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसणाऱ्या कारकुनाला सगळे डुलकीराव म्हणत. जेवणानंतर खुर्चीतच त्याचा असा डोळा लागायचा, की साहेबसुद्धा पाय न वाजवता दारातूनच परत जायचे. नोकरी पक्की होती आणि तक्रार कोणाचीच नव्हती.

अशात मेहुण्याने गाद्यांच्या कारखान्यातली एक जागा सुचवली. काम एकच, नव्या गाद्यांवर झोपून त्या कशा वाटल्या ते सांगायचं. पगार दीडपट.

"आणि उद्या कारखाना बुडाला तर?" डुलकीरावाने बायकोला विचारलं.

"आधी एक दिवस झोपून तर बघा," ती म्हणाली.

त्याने रजा टाकली आणि कारखाना गाठला. व्यवस्थापकाने त्याला एका मऊ गादीवर आडवं केलं, स्वतः शेजारच्या गादीवर बसला आणि म्हणाला, "हं, झोपा आता."

झालं, झोप कुठल्या कुठे पळाली. डुलकीरावाने कूस बदलली, उशी उलटी केली, डोळे घट्ट मिटले. कोणी टक लावून बघत असताना झोपायचं, म्हणजे त्याला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. दुपारी त्याने हळूच एक डोळा उघडला, तर व्यवस्थापकच आडवा होऊन घोरत पडला होता. डुलकीरावाने त्याच्या अंगावर चादर घातली, चपला हातात घेतल्या आणि तडक घरी आला.

"काय ठरलं मग?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ती जागा भरली."