शिकाऊ गाडीच्या मागच्या काचेवरून

थांबा हो, हॉर्न वाजवू नका. पुढे शिकाऊ माणूस आहे. गाडी बंद पडलीय, होईल सुरू. तोवर जरा माझ्याकडे बघा. मी मागच्या काचेवरचा स्टिकर बोलतोय. 'शिकाऊ' लिहिलेल्या लाल पाटीच्या शेजारी काहीतरी गोल, फिकट, कडेने सुटलेलं दिसतंय ना? तोच मी.

नाव वाचायचा प्रयत्न करू नका, ते उन्हाने केव्हाच खाल्लं. पण एके काळी ते नाव वाचून मागच्या गाडीतली माणसं सरळ बसायची. सगळ्यात नावाजलेल्या खाजगी विद्यापीठाचा मी स्टिकर. होतो, म्हणा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एक गंमत सांगतो. ज्या यंत्रावर आम्ही छापले गेलो, त्याच यंत्रावर सकाळी सरकारी विद्यापीठाचे स्टिकर निघाले होते. ते बिचारे साधे, पांढऱ्यावर निळे. आम्हाला सोनेरी कडा मिळाली, म्हणून आम्ही नाकं वर करून बसलो. पण डिंक एकाच डब्यातला होता हं! छापणाऱ्याने दोन्ही गठ्ठे एकाच दोरीने बांधून एकाच टेम्पोत टाकले.

मग मी विद्यापीठाच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे मुलं कमी आणि आईबाप जास्त यायचे. मुलं बाहेर हिरवळीवर मुलाखतीची वाट बघत उभी, आणि आईबाप आत टोप्या, कप, स्टिकर असं काय काय हाताळत उभे. विकत न घेताच ठेवून द्यायचे बरेचसे. दृष्ट लागेल असं वाटत असावं.

माझ्या मालकाला तसलं काही वाटलं नाही. त्याची लेक आत मुलाखतीला बसली होती. तो दुकानात आला, मला घेतलं आणि थेट गाडीशी जाऊन मागची काच आतून पुसून मला चिकटवून टाकलं. अंगठ्याने कडा दाबल्या, बाहेर येऊन बघितलं, पुन्हा आत जाऊन दाबल्या.

लेक मुलाखत देऊन आली. मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, अहो अजून निकाल लागायचाय!"

"लागेल गं. मुलाखतीला बोलावलं म्हणजे झालंच की. उगीच का बोलावतील?"

"शंभर जणांना बोलावलंय."

"बस आधी गाडीत. भूक लागली असेल."

ती मागे बसली. घरी येईपर्यंत तिचं डोकं माझ्या अगदी जवळ होतं. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

माझा मालक गाडी शिकवायचा. एक गाडी, एक पाटी आणि तो, एवढीच त्याची शाळा. सगळे त्याला सर म्हणत. शिकणारा चाकावर आणि हा शेजारच्या सीटवर. त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, शिकवायच्या गाड्यांना असतो तसा. त्या ब्रेकला तेल कमी होतं, नुसता पाय टेकला तरी कुईं करायचा. शिकणाऱ्याला वाटायचं आपणच गाडी थांबवली, पण ते कुईं ऐकून मला कळायचं.

शिकवण्यात मात्र माणूस लाखात एक! चढावर गाडी बंद पडे, मागे हॉर्नचा गोंगाट, शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. आणि हा शांतपणे म्हणणार, "बंद पडली तर पडली. काही बिघडत नाही. पुन्हा किल्ली फिरवा." कुणाला एकदा, कुणाला वीसदा. आवाज कधी चढला नाही. मला वाटायचं, काय नशीब त्या पोरीचं, असा बाप मिळाला.

पण हे तो परक्यांना म्हणायचा.

प्रत्येक शिकणाऱ्याला माझी ओळख करून दिली जाई. "मागे बघितलंत का? लेक चाललीय तिथे." कॉलर ताठ. आणि मागचे गाडीवाले चेष्टा करायचे, "एवढ्या मोठ्या विद्यापीठाची गाडी आणि क्लच सोडता येईना!" हा खो खो हसायचा. मीही हसायचो.

एका रविवारी लेकीचा मामा गाडीत होता. तिने सरकारी विद्यापीठाचीही प्रवेश परीक्षा दिली होती, त्यावरून दोघांची जुंपली.

"दाजी, खरी निवड सरकारीतच होते," मामा म्हणाला. "एक पेपर, सगळ्यांना सारखा. तुमचा बाप कोण, कुणी विचारत नाही."

"तेच तर. तिथे माणसाचा नंबर होतो. मी दोनदा बसलोय त्या परीक्षेला, मला विचारा. दोन्ही वेळेला नंबर लागला नाही म्हणाले, आणि मी कोण हे कुणी बघितलंही नाही. खाजगीवाले समोर बसवतात, बोलतात. माणूस बघून घेतात."

"आणि किती जणांना नाकारतात?"

"म्हणून तर त्यांचं नाव आहे!"

"अहो, ते मुद्दाम सगळ्यांना अर्ज करायला लावतात. जितके जास्त नाकारले तितका भाव वाढतो."

"मग? ज्या हॉटेलाबाहेर रांग असते तिथेच आपण जातो ना, मेहुणे?"

मागे बसलेल्या लेकीला कुणीच काही विचारलं नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला सरकारीतली प्रयोगशाळा आवडली होती." हॉर्नच्या आवाजात ते पुढे पोचलं नसावं. मला ऐकू आलं.

खाजगीचा निकाल आधी लागला. नकार. दोन ओळींचा, फार नम्र.

त्या संध्याकाळी ती गाडीत एकटीच येऊन बसली. गाडी उभीच होती. आई दवाखान्यात परिचारिका, ती कामावरून थेट तिच्याशेजारी येऊन बसली. लेक म्हणाली, "आई, परीक्षेत नापास झाले असते तर चाललं असतं गं. पण यांनी मला बघितलं. माझ्याशी बोलले, हसले. आणि मग नको म्हणाले." आईने तिचं डोकं कुशीत घेतलं. मला त्या काचेवरून गळून पडावंसं वाटलं. पण डिंक चांगला होता.

पुढच्याच आठवड्यात सरकारीचा निकाल आला. तिचा नंबर लागला होता! ज्या परीक्षेत तिचा बाप दोनदा आपटला, तिच्यात पोरगी पहिल्या फटक्यात! मामा फोनवर नुसता ओरडत होता. आई हसत होती, रडत होती. आणि माझा मालक? म्हणाला, "तसं तेही चांगलंच आहे." आणि गाडी पुसायला लागला. मला पुसताना त्याचा हात थांबला. काढेल, काढेल असं मला वाटलं. पण काढलं असतं तर रोजचे शिकणारे विचारणार, सर, स्टिकर कुठे गेला? त्याने मला राहू दिलं.

जागा पक्की करायला मूळ कागद घेऊन स्वतः जायचं होतं. आईला सुटी मिळाली नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बापलेक निघाले. तो चाकावर, ती शेजारच्या सीटवर, कागदांची पिशवी मांडीवर धरून. वाटेत तो बोलतच राहिला. "एक वर्ष थांबलीस तर? पुढच्या वेळी ते घेतीलच. मुलाखतीपर्यंत तर पोचलीस. फीचं मी बघतो." ती पिशवीतले कागद पुन्हा मोजत राहिली.

सरकारी विद्यापीठाच्या फाटकाशी रांग होती. रखवालदार हसतमुख माणूस, मागून चालत आला, मला वाचलं आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "काय साहेब, चुकीच्या दारात आलात वाटतं! तुमचं विद्यापीठ तिकडे पलीकडे."

गमतीने म्हणाला हो तो. मनात काही नव्हतं त्याच्या. पण माझ्या मालकाचा चेहरा आरशात मला दिसला. त्याने गाडी मागे घेतली आणि वळवायला लागला.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच.

आणि मला ऐकू आलं, कुईं.

तिचा पाय त्या ब्रेकवर गेला होता. दाबला असता तर गाडी जागच्या जागी थांबली असती. दाब गं, मी म्हणालो, दाब! जिवाच्या आकांताने म्हणालो. पण स्टिकरचं कोण ऐकतंय? कुईं थांबलं. तिने पाय काढून घेतला. गाडी वळली आणि ते फाटक माझ्यासमोर लहान लहान होत गेलं. ती पुढे बघत होती, म्हणून शेवटपर्यंत फक्त मीच ते पाहिलं.

घरी आईने विचारलं, "झालं काम?" तो म्हणाला, "तिनेच ठरवलं, वर्षभर थांबायचं." आईने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "हो."

पुढच्या वर्षी खाजगीवाल्यांनी मुलाखतीलाही बोलावलं नाही. सरकारीची परीक्षा तिने पुन्हा दिली, पण मन कुठे होतं तिचं? थोडक्यात हुकली. आई त्या दिवशी गाडीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "पोरीच्या हातातली जागा घालवलीत तुम्ही." एवढंच म्हणाली. त्यानंतर ती या गाडीत बसली नाही. कामावर चालत जाते.

लेकीने घरी बसून टपालाने पदवी घेतली. दरम्यान माझ्या मालकाची नजर अधू झाली, परवाना गेला. म्हणून आता शेजारच्या सीटवर ती बसते. सगळे तिला ताई म्हणतात. शिकवते छान. बापासारखंच. दोघांचं बोलणं अगदी एक आहे.

काल दुपारी तो चाचपडत गाडीशी आला. हातात ओलं फडकं आणि ब्लेड. मागच्या सीटवर गुडघे टेकून मला खरवडायला लागला. नीट दिसत नाही, ब्लेड निसटत होतं. माझी एक कड सुटली. मी म्हटलं, काढ बाबा, एकदाचा काढ. तेवढ्यात ती आली.

"काय करताय बाबा?"

"काढतोय हे. तेव्हाच काढायला हवं होतं. तेव्हाच..." पुढे त्याला बोलवेना. म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला.

तिने त्याच्या हातातलं ब्लेड अलगद काढून घेतलं. "राहू द्या. बोट कापाल. आता ते कुणी वाचत नाही."

म्हणून मी असा अर्धा सुटून लोंबतोय. वेळ असता तर म्हटलं असतं, दार उघडून या आणि ओढून काढा मला. पण बघा, गाडी सुरू होतेय. चाकावरची पोरगी नवीन आहे, आज तिसऱ्यांदा बंद पाडली तिने. रडवेली झालीय. आणि ताई सांगतेय, ऐका:

"बंद पडली तर पडली. काही बिघडत नाही. पुन्हा किल्ली फिरव."

तुम्ही अजिबात घाबरू नका, सावकाश मागून या. पोरगी चुकली तरी गाडी कुठे धडकणार नाही. आत्ताच ऐकलंत ना, कुईं? आता ती वेळेवर दाबते.