नीट राखलेले घर

ज्या घराला वारसा विभागाची पितळी पाटी लागेल, त्याला रस्ता रुंद करणारे हात लावणार नाहीत, असे नगरपालिकेने जाहीर केले. मी मुलाला एवढेच म्हटले, "अर्ज कर आणि निर्धास्त राहा." गावात आमच्याइतके जुने घर समोरचे एकच, आणि आमच्यासारखे राखलेले तर एकही नाही. तुळईला वाळवी दिसली की तुळई बदलायची, फरशीला तडा गेला की फरशी. सासूबाईंनी माझ्या हाती किल्ल्या दिल्या त्या याच अटीवर.

समोरच्या घराच्या मालकाला सगळी गल्ली स्वस्थबुवा म्हणते. त्याने उभ्या जन्मात तिथे एक खिळा ठोकला नव्हता. "वहिनी, घरालाही म्हातारपण उपभोगू द्यावं," असे तो खुर्चीत बसून मला ऐकवी.

"उपभोगा, छप्पर डोक्यात पडेपर्यंत," मी म्हणे.

वारसा विभागाचे निरीक्षक आले. तरुण, नम्र, खिशात भिंग. घर मी स्वतः दाखवले. दारापाशीच ते थबकले.

"हे दार केव्हाचं?"

"सासऱ्यांनी बसवलं. आधीचं कुजलं होतं."

"आणि जिना?"

"माझ्या लग्नाच्या वर्षी नवा केला. हुबेहूब जुन्यासारखा, तसूभर फरक काढून दाखवा."

"भिंती तरी?"

"ओल धरायच्या. एकेक पाडून पुन्हा बांधली," मुलगा छाती फुगवून म्हणाला. सूनबाईने त्याला कोपराने ढोसले. प्रकरण कुठे चालले आहे, ते तिला माझ्याआधी उमगले होते.

"आजी, मूळचं काहीच उरलं नाही? एखादी चौकट, एखादा दगड?"

मुलगा माळ्यावर चढला, सूनबाई तळघरात उतरली. दोघेही रिकाम्या हातांनी परतली.

"झिजलेलं आम्ही घरात ठेवत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर ताठ मानेने उच्चारत आले आहे. त्या दिवशीही मान ताठच होती.

"मग ही जुन्या घराची नक्कल झाली. फार सुंदर आहे. पण पाटी मला देता येणार नाही."

"पडू दिलं असतं, तर दिली असतीत?"

त्यांनी नजर खाली वळवली. "अर्धं पडलं असतं, तरीही."

पाटी समोरच्या घराला लागली. त्या संध्याकाळी स्वस्थबुवा प्रथमच खुर्ची सोडून आमच्या उंबऱ्याशी आला. "वहिनी, शपथेवर सांगतो, मी काहीच केलं नाही हो."

"ठाऊक आहे. तेच तर केलंत."

एरवी तो हसला असता. त्या संध्याकाळी तो वळून निघून गेला.

आमच्या दर्शनी भिंतीवर मोजणीवाल्यांनी लाल फुली मारली. मुलगा भाड्याच्या खोल्या पाहू लागला. मी कुणालाच काही सांगितले नाही, त्यामुळे आमचा रंगारी दरसालच्या वेळेला डबे आणि शिडी घेऊन हजर झाला. फुलीपुढे तो घुटमळला.

"आईसाहेब, यावरून मारू का हात?"

मुलगा आणि सूनबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"नको," मी म्हणाले. "डबे उचल."

"बरं. मग पुढच्या वर्षी येतो."

सूनबाईने दार लोटून घेतले.