सोबत आलेल्याचं दुखणं

नात अर्पिताचं लग्न झालं ते दोन हजार तेवीसचं साल. हळदीच्या दिवशी सगुणाबाईचा गुडघा जो सुजला, तो नात नांदायला गेली तरी उतरला नाही. शेवटी कपाशीची दुसरी वेचणी उरकल्यावर सगुणाबाईचा नवरा कडूबा तिला धावड्याहून भोकरदनला दवाखान्यात घेऊन निघाला. सत्तरी गाठली तरी आपण दवाखान्याची पायरी चढलो नाही, हे कडूबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आज चढला, पण सोबत म्हणून. सोबत आलेल्याला कमीपणा नसतो.

बाकड्यावर नंदाबाई नावाची एक बाई सुनेला घेऊन बसली होती. सून गप्प, आणि सुनेची मळमळ सासू सगळ्यांना सांगत होती.

"तिलाच बोलू द्या की," सगुणाबाई म्हणाली.

"तिला काय कळतंय?"

"बराबर," कडूबा म्हणाला. "दुखणेकऱ्याला दुखण्यातलं काय कळतं? त्याला निस्तं दुखतं."

नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होती. "आजी, काय होतंय?"

सगुणाबाईनं तोंड उघडलं.

"छातीत दाबल्यावानी होतंय तिला," कडूबा म्हणाला. "फवारणीचा पंप पाठीवर घेतला की डावा हात भरून येतो. दरदरून घाम सुटतो. घडीभर बसलं की राहतं."

सगुणाबाईनं उभ्या जन्मात पंप पाठीवर घेतला नव्हता.

"आजी, ह्या वयात तुम्ही फवारणी करता?"

"करती की," कडूबाच म्हणाला. "लई कामाची हाय." पन्नास वर्षांच्या संसारात तिला मिळालेली ही पहिली शाबासकी.

ती नवऱ्याकडं बघतच राहिली. दोन महिन्यांपासून हा माणूस मधीच पंप उतरवून बिडी ओढायला म्हणून बांधावर बसायचा, अन् बिडी तशीच कानावर राहायची.

"बाई, हे दुखणं ह्यांचं हाय. माझा निस्ता गुडघा हाय. ह्यांला तपासा."

"भेवानं बरळून राह्यली," कडूबा म्हणाला. "काढा तिच्या छातीची पट्टी."

"ईसीजी दोघांचाही काढू, बाबा."

"मला काय धाड भरली? मी सोबत आल्तो."

पट्टी सगुणाबाईची निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजींचं हृदय उत्तम आहे."

"बिलकुल उत्तम?" कडूबानं तीनदा विचारलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "आता जीव ठिकाणावर आला."

"बाबा, हा कागद त्यांचा आहे, तुमचा नाही. झोपा इथं, पाच मिनिटांचं काम आहे."

"जीप निघून जाईल," म्हणत तो बाहेर पडलासुद्धा. कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला.

जीपमध्ये सगुणाबाई म्हणाली, "उद्या परत येऊ. तुमच्या नावानं नंबर लावू."

"कशाला? एका चुलीचं खातो, एका हिरीचं पाणी पितो. दोघांत एक पट्टी बास झाली."

पुढं दर आठवड्याला ती भोकरदनचं नाव काढायची, आणि दर आठवड्याला तो खिशातला कागद काढायचा. पारावर तर त्यानं तो अख्ख्या गावाला दाखवला. गावालाही पटलं. कागदावर डॉक्टरची सही होती.

कडूबा गेला तो दोन हजार चोवीसच्या जानेवारीतला बारा तारखेचा शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास, हरभऱ्याच्या रानात.