पंख उघडून एक फोटो

मी एक जुनी माशी आहे. हसलात ना? हसा, हसा! पण मित्रांनो, कचऱ्यावर घोंघावणारी ती मी नव्हे हं. फुलासमोर हवेत एका जागी तरंगते ना, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, ती मी! माझे पट्टे पाहून लोक "गांधीलमाशी!" असं ओरडत पळायचे. मला नांगी नाही, पंखही दोनच. पण रुबाब काय सांगू! अळी होते तेव्हा मी गुलाबाच्या कळ्यांवरचा मावा फस्त करायचे. पंख फुटले आणि सगळं ऊनच माझं घर झालं.

एके सकाळी जाळी आली. मग टाचणी. मग लाकडी खण, वर काच आणि डांबरगोळ्यांचा वास. त्या वासात किती वर्षं गेली, कोण जाणे.

मला पकडलं संग्रहालयात काम करणाऱ्या मावशींनी. त्यांचा माझ्यावर फार जीव, पण मी नेमकी कोणत्या जातीची, ते काही त्यांना ठरवता येईना. आता त्या निवृत्त व्हायला आल्या आणि वरून हुकूम आला: ज्या किड्यांची नावं ठरलेली नाहीत ते काढून टाका, जागा हवी आहे. म्हणजे मी थेट कचऱ्यात!

मावशींनी भाचीला बोलावलं. तिने माझे झकास फोटो काढले आणि दूरच्या एका माशीतज्ज्ञ बाईंना पाठवले. त्यांचं उत्तर मावशींनी मोठ्याने वाचलं, "फोटो सुरेख, पण सगळे पाठीचेच! पासपोर्टच्या फोटोत कुणी पाठ दाखवतं का? चेहरा दाखवा आणि पंख उघडा. पंखातल्या शिरेला बाक आहे का, एवढ्यावरच नाव अडलंय."

"मावशी, पंख तर पोटाला चिकटलाय. ओढू का?"

"हात लावून तर बघ! वाळकं पान आहे ते, चुरा होईल."

मावशींनी एका डबीत ओला कापूस ठेवला, त्याच्या शेजारी मला उभं केलं आणि झाकण लावलं. दमट हवेत वाळलेले सांधे सैल होतात म्हणे. मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगाला ओलावा लागला! मला पानावरचं दव आठवलं. सांधे खरंच सैलावले आणि वेड्या मनाला वाटलं, आता उडायचं! मावशींनी सुईच्या टोकाने पंख हळूच वर सरकवला. मी सगळा जीव त्यात ओतला. पण त्यांनी जिथे ठेवला, तिथेच तो राहिला.

"बाक आहे गं मावशी!" भाची किंचाळली.

"हळू बोल, उडून जाईल ती!"

दोघी खो-खो हसल्या. मला मात्र रडू आलं.

नवे फोटो गेले आणि नाव आलं. इतकं लांबलचक, की भाचीची जीभ दोनदा घसरली. खणातली माझी जागा पक्की झाली.

"मावशी, अशी जिवंत कुठे बघायला मिळेल?"

मावशी काचेवरून हात फिरवत राहिल्या. "हिच्यानंतर मला एकही दिसली नाही गं."

त्या दिवसापासून मला नावाचं कौतुक उरलं नाही. मित्रांनो, फुलासमोर कुणी तरंगताना दिसली तर कीटकनाशकाचा फवारा बाजूला ठेवा, श्वास रोखून उभे राहा. पाठीचा, बाजूचा, चेहऱ्याचा फोटो काढा आणि तिला जाऊ द्या. भाची आता असे फोटो गोळा करते, तिच्याकडे तो पाठवा. माझ्या खणाशेजारी बसून ती फोटो उघडते, तो संगणकाचा पडदा मला काचेतून दिसतो. रोज नव्या माश्या येतात. मी प्रत्येकीच्या पंखातली शीर बघते.