केझायालाच विचारा

मॅडॉक्स मालकांनी ठरवूनच टाकलं होतं. मिझुरीतलं शेत भावाच्या हवाली करायचं आणि नदीपलीकडे कॅन्ससला नवी जमीन धरायची. गाडीत नांगर, बियाणं आणि रांधायला केझाया.

केझाया मॅडॉक्सची गुलाम, तिचा नवरा टोबी शेजारच्या स्लोनचा. दर शनिवारी मालकाची परवानगीची चिठ्ठी घेऊन यायचा, रविवारी परत. तागाचं काम त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं, त्यामुळे स्लोननं त्याला विकणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती कॅन्ससला गेली की सगळं संपलं.

म्हणून मालकीणबाईंचा भाऊ लायमन जेवायला आला, तेव्हा ती मक्याची भाकरी वाढून दारातच रेंगाळली.

"दाजी, कॅन्ससमध्ये गुलामगिरी नको म्हणजे नको," लायमन म्हणाला.

"मग नांगर तू धरणार का रे?" मालक हसले. "घोडा नेतो तशी हिला नेणार. आता काय कोंबड्या न्यायलाही तुझी परवानगी काढू?"

"गुलाम ठेवायचे की नाही, यावर तिकडं मतं पडू देत, कळेल."

"मतं? आमची मिझुरीची पोरं नदी ओलांडून तिकडं टाकून आली मतं! तू बस इथं भाषणं ठोकत."

केझाया दारातून एक पाऊल आत आली. या घरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूचं बोलत होतं.

"एवढं कशाला, हिलाच विचार ना," मालक म्हणाले. "केझाया, सांग पाहुण्यांना. यायचंय ना आमच्याबरोबर?"

आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती लायमनकडे बघत म्हणाली, "टोबी इथं आहे, मालक. मला इथंच ठेवा. साहेब, तुम्ही तरी सांगा ना. तुम्हाला तर हे पटत नाही."

लायमनचे कान लाल झाले.

"तुझा काहीतरी घोळ होतोय. मला तिकडं तुमच्यातलं कुणीच नकोय. गुलाम नको, सुटलेला पण नको. गोऱ्या माणसाला मजुरी मिळायला पाहिजे, बस. दाजी, एवढं असेल तर हिला विकून मोकळे व्हा. दक्षिणेत भाव चांगलाय."

"घ्या! हा तुझा कैवारी," मालकांनी टेबलावर थाप मारली. "हा म्हणतो, दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सच्या गुलामांच्या बाजारात धाडा. मी म्हणतो, चल आमच्याबरोबर. बोल आता."

"कशाला छळताय तिला?" मालकीणबाई म्हणाल्या. "कॉफी गार होतेय."

"थांब गं. बोलू दे की."

न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या माणसाची साधी खबरसुद्धा कधी येत नाही. कॅन्सस निदान नदीपलीकडे तरी आहे.

"येते, मालक."

"बघ लायमन! स्वतःच्या तोंडानं म्हणाली!"

शनिवारी टोबी आला तो तिच्या खोपटाच्या उंबऱ्याबाहेरच थांबला. स्लोनच्या शेतावर सगळ्यांना कळलं होतं.

"तू स्वतः हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"त्यांनी विचारलं, आणि तू हो म्हणालीस."

"दुसरं काय होतं तिथं, टोबी?"

सोमवारी गाडी निघणार होती. त्याला आत यायला ती दारातून बाजूला सरली. तो तसाच उभा राहिला.