बन्सीधरची ना नाही

सूर्यभान परभणीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि बन्सीधर ताडकळसला टायपिंगचा क्लास चालवायचा. शाळेपासूनचे दोस्त. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. दोघांनी पाठोपाठचे दोन उन्हाळे कॉम्प्युटरच्या खोलीत घालवून त्याला मराठी लिहायला शिकवलं. सूर्यभाननं आतलं गणित बसवलं आणि बन्सीधरनं चौकटींच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यानं काढलं. प्रोग्रामचं नाव ठेवलं ‘गोदालिपी’.

तो विकायचा नाही, हे बन्सीधरनं सुरुवातीलाच ठरवून टाकलं. “कोरी फ्लॉपी घिऊन यील त्याला भरून द्यायची,” तो म्हणाला. “आतलं लिखाणबी द्यायचं. कुणाला सुधारता आलं तर सुधारावं, अन् आपल्याला आणून दाखवावं. बस.”

तसंच झालं. नांदेडच्या एका छापखानेवाल्यानं जोडाक्षरं नीट करून आणली, जालन्याच्या मास्तरांनी छपाईची अडचण सोडवली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूची पत्रकं गोदालिपीत निघाली आणि विरोधातलीही निघाली. त्या लोकांना कशाला दिली, असं कुणीतरी बन्सीधरला दरडावून विचारलं. “मागितली म्हणून,” तो म्हणाला.

त्र्याण्णव साल उतरणीला लागलं तोवर सूर्यभान मात्र थकला होता. ज्याच्या त्याच्या फ्लॉपीत आता वेगळी गोदालिपी होती. नांदेडला लिहिलेलं पत्र लातूरला उघडलं की अक्षरांची खिचडी व्हायची, आणि परेशान झालेला माणूस सरळ सूर्यभानच्या दारात उभा राहायचा. रविवार नाही, सण नाही. त्यात नवे कॉम्प्युटर यायला लागले, त्यांच्यावर ती चालेचना. त्याच सुमारास पुण्यात अशा मोफत प्रोग्रामांचा सांभाळ करायला एक प्रतिष्ठान निघालं होतं. त्याच्या कार्यवाह विमलाताई दसऱ्याच्या आधी परभणीला येऊन गेल्या. गोदालिपी आमच्याकडे द्या, म्हणाल्या. आम्ही माणसं नेमू, एक पक्की प्रत ठेवू, नव्या मशीनवर चालवून दाखवू. विकणार कधीच नाही. बाई खऱ्या वाटत होत्या, आणि होत्याही.

दिवाळीत सूर्यभाननं बन्सीधरकडे हा विषय आडवळणानं काढून बघितला.

“पुण्याला?” बन्सीधर हसला. “आज माणूस एसटीतून उतरतो, चहा पितो, फ्लॉपी भरून घिऊन जातो. उद्या त्यानं पुण्याला अर्ज करायचा का?”

सूर्यभाननं करंजी उचलली आणि पिकापाण्याचं विचारलं.

जानेवारीत कॉलेजच्या ऑफिसात विमलाताईंचा फोन आला. “आमच्या विश्वस्तांची एकच अट आहे. मूळ लिहिणाऱ्या दोघांचीही संमती हवी. बन्सीधररावांचं काय म्हणणं?”

नामांतराचा आठवडा होता तो. एसट्या बंद होत्या, दुकानं बंद होती, चौकाचौकात पोलीस होते. ताडकळसला जाऊन विचारलं पाहिजे, असं सूर्यभानच्या मनात आलं. विचारलं तर तो नाही म्हणेल, हेही त्याच्या मागोमाग आलं.

“त्याची ना नाही,” सूर्यभान म्हणाला.

रस्तेच बंद होते, दुसरा इलाज नव्हता, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण एसट्या काही दिवसांत सुरू झाल्या. आणि एसटीचं काय घेऊन बसला होता तो? त्याची लूना अंगणात उभी होती. तिला ताडकळसचा रस्ता पाठ होता.

फेब्रुवारीत पुण्यात छोटासा समारंभ झाला. बन्सीधरराव का आले नाहीत, असं विमलाताईंनी विचारलं तेव्हा त्यानं क्लासच्या परीक्षांचं कारण दिलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. भाषणात तो “आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं” असं म्हणाला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून त्याला बरं वाटलं. परतीच्या गाडीत त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, आपल्याला बरं वाटलं होतं.

प्रतिष्ठाननं दोन शाली दिल्या होत्या. बन्सीधरची शाल कपाटात पडून राहिली. कपाट उघडलं की सूर्यभान हात लांबवून तिच्यामागचा सदरा काढायचा.

“भावजींची शाल नेऊन का देईनात?” त्याच्या बायकोनं, नर्मदानं एकदा विचारलं. जाईन म्हणाला. पुन्हा विचारलं तेव्हा चिडला. तिसऱ्या वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“त्यांना न इचारता देऊन टाकलं का काय तुमी?”

सूर्यभाननं उठून कपाटाचं दार लावलं.

“मग जावा की,” ती म्हणाली. “शाल राहू द्या हितं. आधी तोंडानं सांगा.”

तो गेला तेव्हा बन्सीधर हैदराबादहून आणलेल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. “सूर्या! लय दिवसानं आलास. बस, तुला गंमत दाखवतो.” त्यानं बटणं दाबली. पडद्यावर ‘वाऱ्यावर’ असा शब्द उमटला. आतापर्यंत गोदालिपीत तो ‘वार्यावर’ असा यायचा, दोघांनी खूप डोकं आपटूनही तो नीट झाला नव्हता.

“दिवाळीपासून हेच करायलोय,” बन्सीधर म्हणाला. “कमल म्हणती, ह्या माणसाला ‘ऱ्या’नं झपाटलंय. बघ ना, कसा झोकात बसलाय! आता हे परभणीच्या प्रतीत टाकून दे.”

“बन्सी, ती प्रत आता माझ्याकडं नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. फोन, समारंभ, परीक्षांचं कारण, टाळ्या. बन्सीधरची बायको कमलबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. बन्सीधरची नजर पडद्यावरून हलली नाही.

“माझं नाव घिऊन तू काय म्हणालास?”

“तुझी ना नाही, म्हणालो.”

“मला इचारलं असतंस तर मी न्हाईच म्हणालो असतो.”

“ठाऊक होतं मला.”

“मंग तू भांडला असतास. दोन दिवस डोकं खाल्लं असतंस माझं. कदाचित पटलंबी असतं. नवी मशीन यायलीत हे मला दिसत न्हाई का? पण तू भांडलाच न्हाईस, सूर्या. मला येडा ठरवून मोकळा झालास.”

वाटेत लूनावर सूर्यभाननं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. रविवार, खिचडी झालेली अक्षरं, बंद रस्ते. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना. “चुकलं माझं,” एवढंच तो म्हणाला.

असू दे, असं बन्सीधर म्हणाला नाही. चहा निवायलाय, असं कमलबाई म्हणाली, आणि दोघांनी तो खाली मान घालून प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभाननं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. विमलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे समारंभात तुम्ही बोललात ते खोटं होतं?”

“खोटं होतं.”

“मग आम्हाला हस्तांतर थांबवावं लागेल.”

“थांबवा.”

मार्चमध्ये त्या बन्सीधरचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकायला पुन्हा परभणीला आल्या. कॉलेजच्या खोलीत तिघं बसली. बन्सीधर इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सूर्यभानकडे न बघता त्यानं ताईंना विचारलं, “गावात मी कुणाला प्रत काढून दिली तर तुमची परवानगी लागंल का?”

ताईंनी वही काढली. “नाही लागणार. नियमांतच लिहून टाकू.”

“अन् आतलं लिखाण?”

“तेही मोकळंच राहील. सुधारणा मात्र आमच्याकडे पाठवत जा.”

“मग न्या,” बन्सीधर म्हणाला.

चहा संपायच्या आत सगळं मिटलं होतं. सूर्यभान ते बघत बसला. इतकंच होतं तर. जानेवारीत तो लूनावरून गेला असता तर हेच प्रश्न बन्सीधरनं फोनवर विचारले असते, हीच उत्तरं आली असती, आणि पुण्यात व्यासपीठावर दोघं शेजारी बसले असते.

सूर्यभाननं घरून आणलेली शाल बन्सीधरनं विमलाताईंच्या हातून घेतली. सूर्यभान म्हणाला, “घरी चल जेवायला. नर्मदानं स्वयंपाक केलाय.”

“न्हाई सूर्यभानराव, माझी गाडी चुकंल. तुमी ताईंना घिऊन जावा.”

‘सूर्यभानराव’ आणि ‘तुमी’. शाळेत मारामारी झाली होती तेव्हाही बन्सीधर त्याला असं बोलला नव्हता.

पावसाळ्यापर्यंत गोदालिपी नव्या मशीनवर चालायला लागली. बन्सीधरचा ‘ऱ्या’ तिच्यात आला. लोक सूर्यभानच्या दारात यायचे थांबले आणि त्याचे रविवार रिकामे झाले. अशाच एका रविवारी तो ताडकळसला जाऊन आला. बन्सीधरनं उठून खुर्ची दिली, पोरांची चौकशी केली, पुण्याचं काम छान चाललंय म्हणाला. निघताना रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

“बोलले का भावजी?” घरी आल्यावर नर्मदानं विचारलं.

“बोलला. सगळं नीट बोलला,” सूर्यभान म्हणाला, आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेला तो बराच वेळ आत आला नाही.